घडवताना डावा, देताना उजवा

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी एका म्हशीच्या पायाचं माप घेत होते. म्हैस समोर नव्हती. ढोकीच्या एका गृहस्थांनी तिच्या पायाभोवती सुतळी गुंडाळून, गाठ मारून ती खिशात घालून आणली होती, आणि एवढ्या मापाचा चांदीचा तोडा करून द्या म्हणत होते. म्हैस प्रदर्शनात पहिली आली होती. मी विचारलं, "एकाच पायात का चारी?" ते म्हणाले, "एकच करा ताई. चारी पायांत घातलं तर बायको मला घरात घ्यायची न्हाय." तेवढ्यात फोन वाजला. बाई म्हणाल्या, तुमच्या कलाप्रवासाबद्दल दिवाळी अंकासाठी लिहा. माझ्या दातात सुतळी होती, त्यामुळं मला "हं" एवढंच म्हणता आलं आणि बाईंनी ते होकारात धरलं.

कलाप्रवास हा शब्द ऐकून आमचे हे दिवसभर हसत होते. माझा प्रवास म्हणजे ऐरणीसमोरच्या पाटावरून उठायचं, आत जाऊन चहा ठेवायचा आणि परत पाटावर येऊन बसायचं. चाळीस-बेचाळीस वर्षं हाच प्रवास केला. तुळजापुरातल्या आमच्या गल्लीच्या बाहेर मी कामासाठी फारशी गेले नाही. लोकच बस भरभरून इथं येतात, मग मी कशाला जाऊ?

मी फक्त चांदीचं काम करते. सोन्याला हात लावत नाही, आणि याचं मला दुःख नाही. सोन्याचं गिऱ्हाईक कायम धास्तावलेलं असतं. आपण खाली वाकलो तरी त्याला वाटतं, काहीतरी लपवतेय. चांदीचं गिऱ्हाईक हसत येतं. कुणाचं लग्न ठरलेलं असतं म्हणून जोडवी हवी असतात, कुणाला नात झालेली असते म्हणून वाळे. शिवाय आमचं गाव देवीचं. नवस फेडायला चांदीचे डोळे, चांदीचा पाळणा, चांदीचा हात असं काय काय घडवून मागतात. एकदा ऊस वाहणाऱ्या एका ड्रायव्हरनं चांदीचा ट्रॅक्टर सांगितला होता. खराखुरा ट्रॅक्टर नाल्यात उलटला आणि हा पठ्ठ्या कपडे झटकत उठून उभा राहिला, त्याचा नवस. मी जीव लावून ट्रॅक्टर केला. चाकं फिरत होती, पुढं दोन बारीक दिवे होते. त्यानं हातात घेऊन चहूबाजूंनी बघितला आणि म्हणाला, "ताई, माजा डाव्या बाजूचा लाइट फुटलेला हाय. देवीनं वळखाय पायजे न्हवं?" मी पकडीनं एक दिवा उपटून दिला. तो खूश होऊन गेला आणि मी तो तांदळाएवढा दिवा अजून डबीत जपून ठेवलाय.

आणि हल्लीच्या कॉलेजच्या मुली. जन्मभर मी चांदीचा काळेपणा घालवत आले. रिठ्याच्या पाण्यात घास, ब्रशनं घास, हाताची सालटं जाईपर्यंत घास. आता या पुण्याहून देवदर्शनाला आलेल्या मुली दुकानात शिरतात आणि म्हणतात, "काकू, हे जरा काळं करून द्या ना." पहिली आली तेव्हा मला वाटलं, चांदी काळी पडली म्हणून तक्रार घेऊन आलीय. मी तिची क्षमा मागितली आणि तिचे झुमके लख्ख उजळून दिले. पोरगी रडायचीच बाकी राहिली होती. आता मी ऑक्सिडाइज्डही करते, आणि सांगायला हरकत नाही, मजा येते. चाळीस वर्षं ज्याला घरात घेतलं नाही त्यालाच चहापाणी विचारल्यासारखं वाटतं.

पण मला लिहायचंय ते एका टाकाबद्दल. बाकीचं सगळं मी वर उरकून घेतलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टाक म्हणजे देवाची चांदीची प्रतिमा. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठावाची मूर्ती. घरोघरच्या देव्हाऱ्यात कुळदेवीचा, खंडोबाचा असे टाक असतात. रोज धुऊन पुसून काही वर्षांत देवाचे नाकडोळे झिजून जातात, मग सोनाराकडं आणून नवा घडवायचा. जुन्याची चांदी नव्यात मिसळलीच पाहिजे, हा दंडक. त्याला आमच्या घरात 'वितळवणं' म्हणत नाहीत. माझे वडील, आप्पा, म्हणायचे, "देव आंघोळीला घातला."

टाक ठोकून काढायला ठसा लागतो. काशाच्या जाड तुकड्यावर मूर्ती खोलगट कोरायची, ती उलटी. त्यावर पत्रा ठेवायचा, वर शिशाचा गोळा ठेवायचा आणि हातोडा मारायचा. पत्रा खोलात जाऊन बसतो आणि मूर्ती सुलटी होऊन बाहेर येते. म्हणजे ठसा कोरणाऱ्याला सगळं उलटं दिसायला लागतं. देवीच्या उजव्या हातात त्रिशूळ आणि डाव्या हातात दैत्याची शेंडी असते, तर ठशात बरोबर याच्या उलट. आप्पांना इतकी सवय झाली होती, की कुणी पत्ता विचारला तर ते डावीकडं बोट करून "उजवीकडं वळा" म्हणायचे.

आता माझ्या हाताबद्दल. मी डावखुरी. लिहिते उजव्यानं, कारण शाळेत छडी होती. हातोडा, पकड, कानस मात्र डाव्या हाताशिवाय चालत नाहीत. आप्पांनी मला लहानपणी खेळायला छोटी हातोडी दिली, ती मी डाव्या हातात धरली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण धातूवर पडलेला घाव बघून गप्प बसले. पुढं त्यांनी मला एकच नियम घालून दिला: "घडवताना डावा, देताना उजवा. गिऱ्हाइकाला तुझा डावा हात दिसता कामा नये. बायका जोडवी परत करतील." मी तो नियम पाळला. गिऱ्हाईक पायरीवर आलं की माझी हातोडी खाली आणि डावा हात पदराखाली. डाव्या हातानं घडवलेली जोडवी उजव्या हातानं देऊन मी निम्म्या जिल्ह्याच्या सुना नांदवल्या, असं आमचे हे म्हणतात.

मी पाटावर बसले तीच मुळात जागा रिकामी होती म्हणून. थोरला भाऊ धाराशिवला तहसीलीत चिकटला, त्याला धूर नको होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला दुसरं काहीच नको होतं. नातेवाईक म्हणायला लागले, पोरीच्या हातचे देव कोण नेणार? आप्पा मनातून माझ्या बाजूचे, पण भाऊबंदांना घाबरून असायचे. शेवटी त्यांनी तोड काढली. म्हणाले, "एक टाक कर. ठसासुद्धा तूच कोर. गिऱ्हाइकानं नेला आणि त्याच्या देव्हाऱ्यात बसला, तर पाट तुझा. परत आला, तर मात्र पुन्हा विषय काढायचा नाही."

गिऱ्हाईक होते लोहाऱ्याकडचे दगडूबा. चांगले जमीनजुमला असलेले, गोड बोलणारे, डोळ्यांत मोतीबिंदू. देवीचा झिजलेला टाक देऊन गेले, नवरात्रात न्यायला येतो म्हणाले. मी अशी काही कामाला लागले की जेवणाची शुद्ध नव्हती. झिजलेल्या टाकावर काजळी फासली आणि कागदावर दाबून छाप घेतला. मग विचार केला, ठशात मूर्ती उलटी हवी. आणि मोठ्या हुशारीनं तो छाप उलटा करून काशावर कोरला.

जाणकारांनी कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांना सांगते: कागदावर छाप घेतला की मूर्ती तिथंच उलटी झालेली असते. तोच तसाच्या तसा कोरायचा. मी उलट्याचं उलटं केलं, म्हणजे सुलटं केलं, म्हणजे टाक उलटा निघणार. हे आता लिहितानासुद्धा मला बोटं मोजावी लागतात. कोरून झाल्यावर मी ठसा आणि जुना टाक शेजारी शेजारी ठेवले. अगदी सारखे दिसले. मी आनंदानं टाळी वाजवली. खरं तर ते सारखे दिसले तिथंच मला रडू यायला हवं होतं.

अशी चूक पकडायला सोपी युक्ती असते. कणकेचा गोळा ठशात दाबायचा आणि काढून बघायचा. पण नवरात्र सुरू होतं. घरात सगळ्यांचे नऊ दिवसांचे उपवास, कणकेचा डबा वर फळीवर. मी भगरीच्या पिठाचा गोळा करून बघितला, तो ठशातच चिकटून बसला, सुईनं कोरून काढावा लागला. मग म्हटलं राहू दे, आपलं काम चोख आहे. पत्रा ठेवला, ठोकला, कडा तांब्याच्या पाठीवर दुमडल्या, रिठ्यानं धुतला. देवीचा चेहरा असा काही उतरला होता, की मी तिच्याकडं बघून हसले आणि मला वाटलं तीपण हसली. चेहऱ्याकडंच बघत राहिले. हाताकडं बघायचं सुचलंच नाही.

दगडूबा एक दिवस आधीच आले, गावची गाडी परत निघाली होती म्हणून. आप्पा चांदी आणायला धाराशिवला गेले होते. दगडूबांनी टाक डोळ्यांजवळ नेला, अंगठा फिरवला, म्हणाले, "लई झ्याक." तिथून देवळात जाऊन देवीच्या पायाला भेटवून ते गावी गेले. मी उजव्या हातानं दिला होता. नियम कुठंच मोडला नव्हता.

दिवस मावळायला आप्पा आले. ठसा उचलला, एक नजर टाकली आणि मला विचारलं, "देवीचा त्रिशूळ कुठल्या हातात असतो?" मी देवीसारखी उभी राहून दाखवायला हात वर केला. आमच्या गावातलं शेंबडं पोरही उजवा हात वर करेल. पण माझ्या डोळ्यांपुढं मी केलेला टाक होता, मी डावा हात वर केला. आणि तसाच वर धरून उभी राहिले.

आप्पा रागावले नाहीत, त्याची मला जास्त भीती वाटली. त्यांनी स्वतःच्या ठशावर दुसरा टाक ठोकला, फडक्यात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं बदलून आणायला निघाले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मी तो दिवस पाटाशेजारी जमिनीवर बसून काढला. पाटावर बसायची हिंमत झाली नाही. आई म्हणाली, भाजी तरी निवड. मी मेथी निवडली आणि देठं ठेवून पानं फेकून दिली.

संध्याकाळी आप्पा आले. एका खांद्यावर ज्वारीचं पोतं आणि खिशात त्यांचा टाक जसाच्या तसा. त्यांनी पोतं उतरवलं, पाणी प्यायले, मग म्हणाले, "दगडूबाची बायको म्हणाली, आमचा देव बसला. बसलेला देव उठवत न्हाईत." एवढं बोलून त्यांनी पायानं पाट माझ्याकडं सरकवला. मी त्यावर बसले ती आजवर उठलेले नाही.

मला इतकी वर्षं वाटत आलं, की रीत आडवी आली म्हणून मी वाचले. देव एकदा बसला की उठवायचा नसतो, आणि आप्पा पोचायच्या आत तो बसला होता. माझं नशीब. दगडूबांच्या घरी त्यानंतर भाऊ वेगळे झाले, पोरं वेगळी झाली, आणि प्रत्येक नव्या देव्हाऱ्यासाठी ते माझ्याकडंच आले: "आमच्या घरची हाय तशीच करा." माझा तो उलटा ठसा मी सात वेळा वापरला. लोहाऱ्याच्या अंगाला डाव्या हातानं लढणारी भवानी सात घरांत पुजली जाते आणि तिची आई मी आहे, हे आठवून मला भर बाजारात एकटीलाच हसू फुटायचं. पण मनात टोचणीही होती. चूक माझी, आणि आम्ही बापलेकींनी ती कधी सांगितली नाही. आप्पा गेले तेव्हा ते गुपित माझ्या एकटीवर पडलं.

गेल्या वर्षी सरूबाई आल्या. या दगडूबांच्या सून, साधारण माझ्याच वयाच्या. मी पहिला टाक केला त्या वर्षी त्या नव्या नवरी होत्या. आता सासूसासरे गेले, कारभार यांच्याकडं. पदराच्या गाठीतून त्यांनी तोच पहिला टाक काढून माझ्यासमोर ठेवला. माझी हसरी देवी पार गुळगुळीत झाली होती. म्हणाल्या, "सोनारताई, धाकट्याचं लगीन ठरलंय. त्याच्या आदी देव नवा करायचाय. आन ह्या टायमाला देवी उजव्या हाताची करा."

मी दचकले. "का बरं?"

"पोरगी डावरी हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. जणू पोरीला काही रोग आहे.

मग सगळं बाहेर आलं. मुलगी अश्विनी, सरकारी दवाखान्यात नर्स. यांच्या धाकट्याच्या पायात खिळा घुसला, तिनं इंजेक्शन दिलं, याला कळलंच नाही कधी दिलं, आणि तो पुढं तीन वेळा विनाकारण दवाखान्यात गेला. घरचे राजी झाले. साखरपुड्याला तिनं सरूबाईंना कुंकू लावलं ते डाव्या हातानं. मांडव गार पडला. सरूबाईंची नणंद तिथंच म्हणाली, घरात देवी डावरी, आता सून बी डावरी, ह्या घराचं सरळ व्हायचं कसं? त्या दिवसापासून नणंद रोज फोन करत होती.

"पोरगी वाईट न्हाय," सरूबाई म्हणाल्या. "पन मन खातंय. बस्ता फाडला की माघार न्हाय घेता येत. जोडव्याच्या मापाला तिला हितं आनती. तुमी बी बगा कशी हाय. आन देवी तेवढी सरळ करून ठिवा."

त्या गेल्या आणि मी फळीवरून दोन्ही ठसे काढले, आप्पांचा आणि माझा. आप्पांच्या ठशावर ठोकलं की चाळीस वर्षांची चूक एका घावात दुरुस्त. मला हेच तर कधीपासून करायचं होतं. पण एक देवी सरळ करून दिली, की दुसरी डावरी घराबाहेर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि माझा ठसा वापरला तर सरूबाई टाक उचलणार नव्हत्या. मी जुना टाक आंघोळीला घातला, पत्रा तयार केला आणि पुढचं काहीच न करता दोन ठशांकडं बघत चार दिवस काढले. त्यात एका गिऱ्हाइकाचे झुमके सांगितले नसताना काळे करून ठेवले.

पाचव्या दिवशी सरूबाई पोरीला घेऊन आल्या. अश्विनी उंच, सावळी, बोलायला मोकळी, पण सासूच्या अर्धा पाऊल मागं. मी बोटांचं माप घेतलं. तिची नजर हत्यारांवरून हलेना. हे कशाला, ते कशाला, विचारत राहिली. नर्सला हत्यारांची गोडी असायचीच. मी म्हटलं, "हातोडी धरून बघ की."

तिनं उचलली. डाव्या हातात. काय सुरेख धरली होती म्हणून सांगू, दांड्याच्या शेवटाला, मनगट सैल, कुणी शिकवावं तशी. आणि मग तिनं सासूकडं बघितलं आणि पटकन ती उजव्या हातात घेतली. उजव्या हातात हातोडी लाटण्यासारखी दिसायला लागली.

तो हात बदलणं मला ओळखीचं होतं. मी ते दिवसातून वीस वेळा करते. माझ्या आत काय झालं कुणास ठाऊक, मी पदराखालचा हात बाहेर काढला आणि बोलत सुटले.

"सरूबाई, हा हात बघा. मी डावरी आहे. तुमच्या घरातली जोडवी, पैंजण, वाळे, सातही देव, सगळे या हातानं घडवलेत. तुमच्यापासून लपवलं. आणि दुसरं सांगते. तुमची देवी डावरी नाहीच. ती माझी चूक आहे. मी एकोणीस वर्षांची होते, ठसा उलटा कोरला. आप्पा बदलून आणायला तुमच्या घरी आले होते, पण तुमचा देव आधीच बसला होता म्हणून राहिला. आता काय बोलायचं ते बोला."

सरूबाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्या म्हणाल्या, "ठाव हाय की."

"माहीत होतं?" मी विचारलं.

"आमाला काय डोळं न्हाईत व्हय? मामंजींना मोतीबिंदू व्हता. सासूबाईंना न्हवता." त्या पायरीवर नीट टेकून बसल्या. "तुमचं आप्पा आले. सासूबाईंनी वसरीवर बसीवलं, चा दिला. आप्पांनी पुडी काढून गुडघ्यावर ठिवली, बोलाय तयार न्हाईत. सासूबाईंनी इचारलं, टाक कुनी घडीवला? आप्पा म्हनले, लेकीनं. पयलाच हाय तिचा. म्या दाराआड हुबी व्हते. सासूबाई तशाच आत आल्या. देव कुठला बसलाय, टाक ताटात तांदळावर तसाच व्हता. मला म्हनल्या, हळदकुकू आन, पळ. अन् आप्पांचा चा संपायच्या आत आमी देव बसीवला. मंग भाईर जाऊन सासूबाईंनी सांगितलं, देव बसला, आता उठवत न्हाईत."

चाळीस वर्षं मी जिला रीत समजत होते, ती दोन बायकांची आतल्या खोलीतली धावपळ होती.

"म्या इचारलं," सरूबाई सांगत होत्या, "आत्याबाई, देवी उलटी हाय की. तर म्हनल्या, तिला कुठल्या बी हातानं मारता येतंय. पन पोरीचं पयलं काम परत गेलं, तर पोरगी जलमभर चुलीम्होरं बसंल. नुसत्या हातापायी पोरगी माघारी लावायची..."

आणि सरूबाई तिथंच थांबल्या.

अश्विनी हातोडी उजव्या हातात धरून उभी होती. सरूबाईंनी आपलंच वाक्य ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मग मान, मग विनाकारण परत तोंड. म्हणाल्या, "सासूबाई असत्या तर मला चांगलं झोडपलं असतं."

"कुठल्या हातानं?" मी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, काय करू.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी हसले, ती पोरगीही आधी घाबरत आणि मग मोकळी हसली. पलीकडचा हारवाला डोकावून गेला.

हसणं थांबल्यावर सरूबाईंनी माझ्यासमोरच्या दोन ठशांकडं बोट केलं. "ह्यातला तुमचा कंचा?" मी दाखवला. "त्याच्यावरच ठोका. आन पयला घाव हिला घालू द्या." मग अश्विनीकडं न बघता म्हणाल्या, "हात बदल गं. त्या हातानं पत्रा फाडशील."

अश्विनीनं हातोडी डाव्या हातात घेतली. मी ठशावर पत्रा ठेवला, वर शिसं ठेवलं आणि जागा दाखवली. तिनं घाव घातला, नीट मधोमध. बाकीचे मी घातले, डाव्याच हातानं, सरूबाईंच्या डोळ्यांदेखत. सुरुवातीला उघड्यावर आंघोळ केल्यासारखी लाज वाटली, मग हात असा काही सुटला की थांबवावा लागला. त्या सासूसुना चहा पिईपर्यंत देवी तयार झाली. कडा दुमडल्या, धुतली, पुसली. या वेळी मी चेहरा बघितला आणि हातही बघितला. त्रिशूळ डाव्या हातात, जिथं त्या घरच्या देवीचा असतो तिथंच.

द्यायची वेळ आली. माझ्या नकळत टाक उजव्या हातात गेला होता. चाळीस वर्षांची सवय. मी तो डाव्या हातात घेतला आणि पुढं केला. आप्पा असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता.

सरूबाईंनी क्षणभर माझ्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी सुनेचा डावा हात मनगटाला धरून पुढं आणला, त्याखाली स्वतःची ओंजळ धरली आणि म्हणाल्या, "घे. तुजीच हाय."